हात मांडीवर असताना

आबा, मागच्या रविवारी मी सुरतेत कंपवाताच्या रुग्णांच्या परिषदेला जाऊन आलो. प्लेगची पळापळ निवली, त्याच सुमारास माझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि परिषदेला जाच म्हणाले. परिषद म्हणजे पुढाऱ्यांची, असं मी समजत होतो. इथे हॉलभर माझ्यासारखीच माणसं, कोणी हिऱ्यांच्या धंद्यातला, कोणी मास्तर, आणि सगळ्यांच्याच हातात कपबशी खुळखुळत होती. हसावं की रडावं कळेना. खरं तर मी गेलो मायमुळे. तिनं माझा हात पाहिला आणि जेवता जेवता विचारलं, "तू बी पेवाले लागना का?" पन्नाशी उलटलेल्या माणसाला दारू प्यायला लागलास का, हे विचारणं! मी नाही म्हटलं, तर तिनं तुमच्यासमोर फिरवायची तशीच मान फिरवली.

व्यासपीठावरचे डॉक्टर गुजरातीत बोलत होते. म्हणाले, हा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरतो, कामाला लावला की बराच शांत होतो. पुढचं मला ऐकूच आलं नाही. डोळ्यांपुढे लहानपणीचा मी, उधन्याच्या कारखान्यात तुमचा डबा घेऊन उभा आहे. मागांचा खडखडाट चाललाय, धागा तुटतो, तुम्ही वाकून गाठ मारता, आणि हात कसा निवांत. संध्याकाळी तेच तुम्ही खोलीत भिंतीला टेकून बसता आणि हात मांडीवर उडत राहतो. मायचा हिशेब सरळ होता, कारखान्यात शुद्धीवर असतो आणि वाटेत ढोसून येतो. पाय ओढत यायचात, चेहऱ्यावर हसू नसायचं, तेही तिला पुरायचं. दारातच ती तुम्हाला तोंड उघडायला लावायची. तुम्ही उघडायचात, निमूट. वास आला नाही तर म्हणायची, बडीशेप खाऊन आलाय. शेवटी तर बोलणंही बंद, नुसतं ताट सरकवायची. तुम्ही तसेच गेलात. मला तुमचा राग येतो, आबा. एकदा तरी ओरडून नाही म्हणायचं होतं.

चहाच्या वेळी मी त्या डॉक्टरांना गाठलं आणि तुमचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, असूही शकेल, पण न बघितलेल्या माणसाबद्दल मी कसं सांगू. झालं, गोंधळ होता त्याहून वाढला. कारण एका होळीला तुम्ही माझ्या खांद्याला धरून घरी आलात, तेव्हा तुमच्या तोंडाला खरंच वास होता. तो एकच दिवस, की आणखीही होते? पांडेसऱ्याला घरी पोचेपर्यंत बसमध्ये मी तुम्हाला कितीदा आजारी ठरवलं आणि कितीदा दारुडा.

घरी मायला माझा आजार नीट समजावला. थरथर कधी होते, कामात कशी थांबते, सगळं. तिला पटलं. तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मग तिची पकड हळूहळू सैल झाली.

"मंग तुना बाप?" तिनं विचारलं.

ऐंशीला टेकलेली बाई. ती दारातली तपासणी, तो अबोला, हे सगळं तिनं आता या वयात कुठे ठेवायचं? आणि तुमच्या बाजूनं बोलायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही, तेही मला ठाऊक होतं.

"त्यासनं येगळं व्हतं, माय," मी म्हणालो. "आबा पेतच व्हतात."

ती नुसतं हां म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

मी खोटं बोललो की खरं, ते मला अजून कळत नाही, आबा. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एवढं लिहितो. त्या दिवशी माय पोटभर जेवली, आणि मला बरं वाटलं.