निळ्या दोऱ्याची पिशवी

रविवार, १२ तारीख

लाडक्या चिमणे,
आशीर्वाद. आधी आली ती चष्मेवाली तपासणीबाई, मग तिचा जाडा शिपाई, आणि सगळ्यांच्या मागून तुझा बाप, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा! मला आनंदच, किती दिवसांनी घरात माणसं. बिस्किटं काढली. बाईनं हात लावला नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तुझा बाप शेतावरून भांगेची पानं नशा तपासायला प्रयोगशाळेत पोचवतो, ठाऊक आहेच तुला. एकाच झाडाची पानं, दोन कागदी पिशव्या. एक त्याच दिवशी तिथं गेली, दुसरी याला उशीर झाला म्हणून आपल्याकडे राहिली. पहिलीत नशा नाही, दुसरीत भरपूर!
"पानं बदललीत तुम्ही," बाई म्हणाली. हा नुसता घाम पुसतोय.

मला विचारशील तर संशय प्रयोगशाळेच्या ड्रायव्हरचा, तुझ्या बापाला गाडीतून ने-आण करतो त्याचा. कधी समोर बघत नाही मेला. तुझी आई म्हणते, "आई, तो तिरळा आहे." असेना!

मग बाईनं समजावलं, मला फार आवडलं बघ. कच्च्या पानात म्हणे नशा जवळजवळ नसतेच, कसलंसं आम्ल असतं. धग लागली की त्यातून वायू निघून जातो आणि उरतं ते डोकं फिरवणारं. चुलीपाशी जन्म गेला अन् हे आज कळलं!
"किती धग?" मी विचारलं.
"मंद ओव्हन पुरे, आजी. तासभर."
मी बशी उचलून आत नेली.

आपल्याकडे राहिलेली ती पानं दमट होती गं. बुरशी धरली असती, तर बोलणी तुझ्या बापालाच. बिस्किटं झाल्यावर ओव्हन मंद केला आणि पानं तासभर आत ठेवली. पिशवी उघडताना फाटली होती, ती निळ्या दोऱ्यानं शिवून टाकली. घरभर उग्र वास सुटला, तेव्हाही म्हटलं, ड्रायव्हर खाली काहीतरी ओढतोय.

जाताना बाई सोबत आणलेल्या त्या पिशवीचं तोंड निरखत होती. "टाके सुबक आहेत," म्हणाली आणि माझ्या शिवणाच्या डब्याकडे बघितलं. मी चक्क म्हटलं, "ड्रायव्हरची बायको शिवते." जीभ झडो माझी.

तुझ्या बापानं टाका ओळखला. शाळेचे सदरे त्याच टाक्यानं शिवलेत त्याचे. आत गेला. एक बिस्किट उचलून खाल्लं फक्त.

नोकरी जाऊ देईल, पण आईचं नाव घेणार नाही तो. म्हणून आधी तुला लिहिलं, म्हणजे त्यांच्यापुढे जीभ अडखळायची नाही. निळं रीळ डब्यातून काढून टेबलावर ठेवलंय.

तुझी लबाड आजी

बुधवारी सकाळी दहा वाजता परत येतो म्हणालेत.