कारकुनाचे पाय

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझी गोष्ट छापून आलेलं मासिक घरी का पाठवलं नाही, ते आज सांगतो. गोष्टीतले वडील म्हणजे आपले बाबाच आहेत, फक्त मी त्यांना कारकून केलंय. इस्त्रीचं टेबल, कोळसे, कपड्यांचे गठ्ठे सगळं पुसून टाकलं आणि त्यांना ऑफिसात खुर्ची दिली. संपादकांनी पाठ थोपटली, वर दुसरी गोष्ट मागितली. तेव्हापासून तीन महिने झाले, 'बाबा' लिहिलं की पेन अडतं. खोटं पुढे रेटवत नाही आणि खरं लिहायला तोंड नाही. मेल्याहून मेल्यासारखं होतं गं. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझ्या लोभाला पात्र नाही, तरी तो असू दे.

तुझा धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उशीर केलास, शहाण्या. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई गेल्याच महिन्यात साड्यांसोबत ते मासिक घेऊन आल्या होत्या. बाबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. कारकून संध्याकाळी घरी येऊन सुजलेले पाय भिंतीला लावून पडतो, तिथे ते हसले. म्हणाले, दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याचे पाय कशाने सुजतात? मग बराच वेळ एकच शर्ट दाबत राहिले. शेवटी म्हणाले, पोराला माझे पाय आठवतात तर.

ते रागावले नाहीत. मी मात्र रागावलेय, आणि तो राग पुरवून पुरवून काढणार आहे. मला कसल्या कबुल्या देतोस? त्यांना लिही.

जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस. माया आटलेली नाही, एवढं समज.

तुझी ताई

ता. १९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नववीत असताना मी मित्रांबरोबर दुकानावरून चाललो होतो. तुम्ही मला हात केलात. मित्रांना कळू नये म्हणून मी पुढे आलो आणि गिऱ्हाइकासारखं विचारलं, कपडे कधी मिळतील? तुम्ही क्षणभर बघितलंत आणि म्हणालात, उद्या या, तयार ठेवतो. स्वतःच्या पोराला अहो-जाहो केलंत. घरी चकार शब्द काढला नाहीत. कारकून मी तुम्हाला त्याच दिवशी केलं, छापलं एवढ्यात.

काल तो प्रसंग घडला तसा लिहून काढला. दुकान आहे, कोळसे आहेत, तुम्ही उभे आहात. पेन कुठेही अडलं नाही. सोबत पाठवतोय. तुम्ही हो म्हणालात तरच छापायला देईन, नाहीतर फाडून टाका.

क्षमा कुठल्या तोंडाने मागू? एकच मागणं आहे. उत्तरात मला एकदा तरी 'अरे' म्हणा.

आपला,
धाकटा

ता. २५ मार्च

अरे गाढवा,
अ. उ. आ.

ताईने वाचून दाखवलं. पत्र मात्र मीच लिहितोय, अक्षराला हसू नकोस. गोष्ट छापायला दे.

फक्त एक चूक सुधार. मी 'उद्या या' म्हणालो नव्हतो, 'संध्याकाळी या' म्हणालो होतो. संध्याकाळी तू घरी येणारच होतास.

बाबा