स्वयंपाकघरातला फोन

ता. १९, गुरुवार, दुपार

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी जीभही तशीच. दर रविवारी कॉम्प्युटरवर तोंड दिसतं, मग ही पत्र कसलं पाठवतेय, म्हणशील. तिथे आई मध्ये असते, म्हणून.

इंटरनेट घ्या म्हणून तूच मागे लागलीस. लाइनमन आला तेव्हा त्याचं डोकं खाऊन मी सगळं समजून घेतलं. फोनची जी जुनी तार, तिच्यावरूनच इंटरनेटही येतं. दोघांनी एकमेकांच्या आड येऊ नये म्हणून प्रत्येक फोनला काडेपेटीएवढी डबी लावायची, फिल्टर म्हणतात तिला. एक बाहेरच्या खोलीतल्या फोनला, एक स्वयंपाकघरातल्याला. "ही काढू नका हं ताई," तो म्हणाला, "नाहीतर रिसीव्हर उचलला की इंटरनेट गेलंच." मी म्हटलं, मी कशाला काढतेय?

पहिल्या रविवारी आईनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. ठेवणीतले कपडे काय, केस दोनदा विंचरले काय! अकरा वर्षं मी तिच्याबरोबर राहतेय, मी वाढलेलं ती पेपरात डोकं घालून जेवते. तू दिसलीस आणि पहिलं वाक्य, "किती वाळलीस गं!" वाळलीस म्हणे! गाल बघ तुझे. इकडे मी चार किलोनं उतरले ते कुणाला दिसलं नाही. जळले मी. सरळ सांगते, अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरातली डबी काढली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवली.

तुमचं रंगात आलं की मी गॅसपाशी उभ्या उभ्या रिसीव्हर उचलायची. बाहेर तू तोंड उघडं ठेवून थिजायचीस. "गेली गं!" आई ओरडायची. मग मी हात पुसत बाहेर. मोडेम बंद करायचा, चालू करायचा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत पाच मिनिटं वाट बघायची. तेवढा वेळ आई माझा हात धरून बसायची. "तू आहेस म्हणून माझं चालतंय," म्हणायची. त्या पाच मिनिटांसाठी मी दर रविवारी तुला घालवत होते.

गेल्या रविवारी तू वैतागून म्हणालीस, "तिकडची लाईन अशीच राहणार. आईला मी कायमचीच इकडे घेऊन येते." आईनं लगेच माळ्यावरची बॅग काढायला लावली, पुसून उन्हात ठेवली. माझ्या पायांखालची जमीनच सरकली.

संध्याकाळी डबी जागेवर लावली. काल रविवार नसतानाही तुझा कॉल आला, तुम्ही चाळीस मिनिटं बोललात. नंतर आई म्हणाली, "आज लाईन गेली नाही."

"दुरुस्त झाली," मी म्हटलं.

"मग तू बाहेर आलीच नाहीस," ती म्हणाली.

तर लाईन उत्तम आहे, खोट माझ्यात होती. तिला न्यायचं की नाही, ते हे कळल्यावर ठरव. आणि रविवारी तिलाच विचार. मी तिच्यापाशी एक शब्द काढणार नाही. तू विचारशील तेव्हा मी स्वयंपाकघरात असेन, आणि रिसीव्हरला हात लावणार नाही.

तुझ्यावर जळणारी, तुझीच
ताई