धक्क्यावरचे भलतेच बाबा

टूनगॅबी, सिडनी
एप्रिल २०२३

तीर्थस्वरूप वासंतीआत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? फोनवर ऐकू आलं नाही तरी तू "हो हो" म्हणतेस, म्हणून लिहून पाठवतोय. तुझ्या शेजारच्या सुनेत्राताई छापून देतील.

बाबा सुखरूप आहेत, हे आधी वाच, मग बाकीचं. सुदानमध्ये लढाई पेटली तेव्हाच मला नेमका कोविड झाला (इतकी वर्षं चुकवलेला). मी मागच्या खोलीत कोंडलेला. यामिनी दाराशी खिचडी ठेवून पळायची आणि आमची स्वरदा पॅसेजमधून "डॅड, मास्क!" एवढंच बोलायची. तिकडे खार्टूममध्ये तुझा भाऊ, साबणाच्या कारखान्याचा सल्लागार, मला आमटीला फोडणी कशाची दिली ते सांगायचा. मागे धडाडधूम चाललेलं. ते काय म्हणून विचारलं, तर म्हणे कुणाचं तरी लग्न असेल. (ऐन रमजानात, आत्या?)

शेवटी एका बसने वाळवंट ओलांडून ते बंदरावर पोचले. तिथून आपल्या नौदलाचं जहाज सगळ्यांना जेद्दाहला नेणार होतं. "चढतोय" असा मेसेज आला आणि फोन बंद. मी बातम्यांचा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. जेद्दाहच्या धक्क्यावर उतरणाऱ्यांत एक टक्कल दिसलं, चालणंही तसंच तिरकं. मी ओरडलो, यामिनीने शिरा केला, चारुदत्तकाकांनी फॅमिली ग्रुपवर अभिनंदनं स्वीकारली. मग मी व्हिडिओ पुन्हा लावला. त्या माणसाला मिशा होत्या.

मिशांचं मी यामिनीलाही सांगितलं नाही. शिरा दाराबाहेर गार होत राहिला आणि मी आतून फोन लावत राहिलो. अख्खी आर्व्हो (इथे दुपारला असंच म्हणतात) गेली, दुसरा दिवसही गेला. मग बाबांचाच फोन आला. अजून बंदरावरच होते. एका बाईजवळ दोन लेकरं होती म्हणून तिला पुढे जाऊ दिलं, म्हणाले.

"बाबा, ती जागा तुमची होती."

"म्हणून तर देता आली."

पुढच्या जहाजाने आले, वाटभर ओकत. आता जेद्दाहहून मुंबई आणि तिथून थेट तुझ्याकडे, नाशिकला.

तुझा,
श्रेयस

ता. क. फोनवर मी रडलो असं ते सांगतील. कोविडमध्ये नाक वाहतंच.

ता. क. २. खरं काम हे. त्यांचा सहकारी इद्रिस तिथे एकटाच राहिलाय, म्हणून गोळीबार थांबला की ते परत जाणार म्हणतात. मला "नाही" म्हणता आलं नाही, मी "बरं" म्हणालो. तू आधी पोटभर जेवू घाल आणि ते झोपले की पासपोर्ट लपव. कुठे ठेवलास ते मला कळवू नकोस. त्यांनी विचारलं तर मी सांगून टाकेन.