सगुणाबाईंनी जावयाला मशीन शिकवली

प्रिय आत्याबाई,

पिंपळगावात सगळे खुशाल असाल असं धरून चालते. गुडघा कसा आहे? म्हैस अजूनही फक्त तुम्हालाच दूध देते का?

इकडे जालन्यात बियाणं कंपनीने मला फार मोठं काम दिलं. जुन्या कामगारांनी नव्यांना हाताशी धरून तयार करायचं, अशी योजना आखायची. (आपल्या घरात पहिली पदवी माझी. मला हाताशी धरणारं कुणी नव्हतं, म्हणून मी जीव ओतला.) साहेब म्हणाले, अक्षय तृतीयेपर्यंत एक जोडी तरी यशस्वी दाखवा, नाहीतर योजना बंद आणि तुम्ही परत हजेरीच्या टेबलावर.

मी सगुणाबाईंना सुमित दिला. बाई बी साफ करायच्या मशीनवर वीस वर्षं मुरलेल्या, पोरगा डिप्लोमा करून नवीन आलेला. बाईंना मी नियम समजावला, की चांगला मार्गदर्शक उत्तरं सांगत नाही, प्रश्न विचारतो. रोज दुपारी दोघं लिंबाखाली बसायची. बाई विचारतायत, सुमित मान खाली घालून उत्तरं देतोय. खिडकीतून बघून माझे डोळे भरून यायचे. सुमितला मात्र महिनाभरात मशीन साधी चालू करता येईना. मी बाईंना गाठलं.

"सगळं इचारलं की मॅडम. गाव कोणतं, मामाकूळ कोणतं, रान किती, बोअरला पाणी किती."

"आणि मशीन?"

"तुमीच म्हन्ल्या, सांगायचं न्हाई, निस्तं इचारायचं. मंग इचारूनच राह्यले ना!"

पुढच्या आठवड्यात बाईंच्या भाचीशी, दीपमालाशी, सुमितचं जमलं. (मुलगी गोड आहे, तिने स्वतः होकार दिला.) मला वाटलं, आता तरी शिकवतील. तर म्हणे, जावयाची चूक तोंडावर काढायची व्हय? मी हजेरीचं टेबल पुसून ठेवलं.

पण बाई मशीनलाच रागवायला लागल्या. "अगं बये, जाळी न बदलता सोयाबीन साफ व्हईल का? लाज धर जरा!" सुमित कानापर्यंत लाल होऊन पटकन जाळी बदलायचा. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे मशीनला बोललेलं जावयाला लागलं! अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी त्याने एकट्याने मशीन चालवली. साहेबांनी ओंजळीत बी घेऊन पाहिलं आणि योजना वर्षभर वाढवली. मी ऑफिसात उडीच मारली.

दादांना आणि वहिनींना नमस्कार, म्हशीला माझ्याकडून गूळ.

तुमची,
अर्पिता

ता. क. साखरपुडा रविवारी मंठ्याला आहे आणि दोन्ही घरांनी मला मध्यस्थ धरलंय. मानपानावरून रुसवे झाले तर कुणाला आधी मनवायचं, हे आम्हाला कॉलेजात नव्हतं. तुम्ही निम्म्या तालुक्याची लग्नं जमवलीत. शनिवारीच या. पत्र त्यासाठीच लिहिलंय.

आणखी एक. वाढीव मुदतीच्या कागदावर सही करताना साहेबांनी हळूच विचारलं, की त्यांच्या पुतण्याला योजनेत घेता येईल का. पुतण्या आमच्या कंपनीत नाही. पुण्यात बँकेत आहे. वय तेहतीस.