चार नंबर नाही

६ नोव्हेंबर

उजव्या पायावरचे केस काढले. मी नाही, वैभवने आणलेल्या मेकअपवालीने, वॅक्स लावून. फक्त उजव्या. डावा फोटोत येणार नव्हता म्हणे.

सकाळी वसईत सुरुचीच्या किनाऱ्यावर शूटिंग. वैभव म्हणजे झपाटो शूजचा मालक. तुळिंजला एका गाळ्यात बूट बनवतो, सगळ्या जगाला ब्रो म्हणतो. गोव्याहून कंटाळून परत आलो तेव्हा त्यानेच कामाला घेतलं. खोके उचलायचे, स्टॉल लावायचा, रीलं काढायची. आता नवीन ट्रेनिंग शू काढलाय, त्याचं नाव 'झपाटो प्रिस्का'. प्रिस्का शाळेत माझ्या वर्गातली, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. तीन हजार मीटर पळते, पेपरात दोनदा फोटो. बूट स्वस्त आहे, वाडीत कामाला जाणाऱ्याची पोरगीसुद्धा घेऊ शकेल. म्हणून मी पण खूश होतो. होतो.

प्रि.चे फोटो काढले, उड्या मारून घेतल्या, मग तिला रिक्षात घालून घरी पाठवलं. ती गेल्यावर वै. मला बोलला, "ब्रो, तुला आठ नंबर ना? पँट वर कर."

कारण प्रि.चा पाय चार नंबर. बूट सहापासून पुढे. तिच्या पायात घातला की टाचेमागे माझं बोट जातं, आणि क्लोजअपमध्ये ती फट दिसते. म्हणून तोंड तिचं, पाय माझा.

घरी आईने लाल पाय बघून विचारलं, "पाय भाजला काय रे?" हो म्हणालो. हळद लावून दिली. बसलो हळद लावून.

९ नोव्हेंबर

गाळ्यावर वै.ला विचारलं, चार नंबर कधी येणार. त्याने कॉफी पीत समजावलं. बूट ज्याच्यावर चढवून शिवतात तो प्लास्टिकचा पाय असतो, फर्मा. प्रत्येक नंबराचा वेगळा. लहान फर्मे महाग पडतात, मुली घेणार मोजक्या. "आधी सहा ते दहा खपू दे ब्रो. लेडीज पुढच्या बॅचला."

मी बोललो, "पण नाव तर लेडीजचं आहे."

"नाव इन्स्पिरेशन असतं ना."

मागे शिलाईवर बसलेला कारीगर हसला. "भाई, मॅडम का पैर ही बड़ा करवा लो."

सगळे हसले. मीपण.

येताना उमराळ्याजवळ एक जण पोपटांचा पिंजरा सायकलवर घेऊन चाललेला. त्याच्यामागे कुठपर्यंत गेलो कोण जाणे. दुपारचं जेवण हुकलं.

१३ नोव्हेंबर

भुईगावच्या किनाऱ्यावर प्रि. पळते, मी बाजूने सायकलवर मोबाईल धरून. वै.ला रोज एक रील पाहिजे, तिच्या पायात झपाटो पाहिजे. दोन मोजे घालते, पुढे कापूस कोंबते. तरी टाच आत खालीवर होते, वाळू आत शिरते.

मी सांगितलं, "रील झालं की जुने घाल ना."

"जुन्यातली सवय लागली तर नवीन कधी बसणार पायात?"

"नवीन बसणारच नाही येडे. मोठा आहे."

"माझाच पाय लहान आहे नेल्या. त्यांचा काय दोष?"

सगळ्यात घाण मला हेच वाटलं. बूट तिला होत नाही आणि लाज तिलाच वाटते. म्हणते, कोळीवाड्यातली पोरं तिला बघून "झपाटो, झपाटो" ओरडतात. वर म्हणते, कोणाच्या नावाची बोट असते, पण बूट कोणाच्या नावाचा आहे सांग. आणि महिनाअखेर पालघरला निवड चाचणी आहे. पहिले दोन राज्याच्या कॅम्पला. तिथला राहायचा-खायचा खर्च वै. करणार, पण चाचणीला बूट झपाटोच पाहिजे. तसं तो तिला तोंडावर बोललाय.

ती परत पळायला गेली. मी थोडा वेळ तिचे जुने बूट हातात घेऊन बसलो. तळवा गुळगुळीत, बाजूला दोऱ्याने शिवलेले. आत तिच्या बोटांचे खड्डे पडलेत, पाचही.

१६ नोव्हेंबर, रविवार

मिस्सा सुटल्यावर चर्चबाहेर रस्त्यावर स्टॉल. आईने लांबून बघितलं आणि ओळख न दाखवता गेली. मिस्साला नव्हतो म्हणून.

गिऱ्हाईक बरं. पोरगे घेऊन जातात. मग एक मुलगी आली, सातवी-आठवीतली, बापाचा हात ओढत. "प्रिस्काताईचा द्या." मी खोका उघडला. सहा.

"चार नाही?"

नाही.

बाप मला म्हणतो, "अहो, ती प्रिस्का स्वतः केवढीशी आहे. तिचा नंबर द्या ना."

वै. पुढे झाला, आतल्या पट्ट्या दिल्या दोन, फुकट. "वाढत्या वयाची आहे काका, होईल." मुलगी उभी राहून चालून दाखवत होती. फटक फटक. तोंडभर हसत. बापाने घेऊन टाकला.

मी वडापाव आणायला जातो सांगून निघालो, तो परत गेलोच नाही. तळ्यावर मासे धरणारी पोरं बघत बसलो. वै.चे फोन. उचलले नाहीत.

ह्यात चीड येण्यासारखी अजून एक गोष्ट. बूट चांगला आहे. खरंच. मी घालून रानगावपर्यंत पळत गेलो, मी, ज्याने शाळेत शर्यत अर्धी सोडून कैऱ्या पाडल्या होत्या. हलका, घसरत नाही, पायाला धरून राहतो. माझ्या पायाला.

२० नोव्हेंबर

प्रि.ची टाच सोलली. फोड फुटला, वाळू गेली, आता लाल. अंगठ्याचं नख काळं. रील काढायला नाही म्हणालो तर माझ्यावरच खेकसली. "तुला काय, तू कुठलंच काम पुरं करत नाहीस. मला करू दे."

खरं बोलली, म्हणून जास्त लागलं.

वै.ला टाचेचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर: अंगठा वर. खाली, "फायटर!! हा पोस्ट करू का?"

मोबाईल मिठागरात फेकणार होतो. तिथे लांब चोचीचा एक पक्षी चिखलात चोच खुपसून खुपसून काहीतरी शोधत होता, त्याला बघत राहिलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

तुळिंजच्या नाक्यावर बॅनर लागला. केवढा! पुढे बूट आणि पाय, मागे प्रि. हसताना. खाली "वसईच्या वाघिणीची पसंती".

तिची आई, रेजिनामावशी, बाजार आटपून मुद्दाम बघायला आली. पाचूबंदरहून कधी रेल्वेपलीकडे पूर्वेला न येणारी बाई. मला बोलावलं, फोटो काढ म्हणून. मासळीची टोपली शेजारच्या दुकानात ठेवली, पदर सारखा केला, बॅनरखाली उभी राहिली. मी मोबाईल धरला. ती वर बघतच राहिली.

"नेल्सन. हा पाय कोनाचा?"

"प्रिस्काचा ना मावशी."

"माज्या पोरीचा नाय. तिच्या घोट्यावर खडकावरच्या कालवानं कापल्याची निशानी हाय. मी सोता चुना लावलेला. ही निशानी गेली कुटं?"

"कॉम्प्युटरवर काढतात मावशी."

"आनि ह्या शिरा? ह्या बी कॉम्प्युटरनं घातल्या?"

माझ्या तोंडाकडे बघितलं तिने, मग खाली. रस्त्यात, रिक्षावाल्यांसमोर वाकली आणि माझी उजवी पँट वर केली. मग डावी. एक पाय गुळगुळीत, एकावर जंगल.

"अरे मेल्या!"

रिक्षावाले हसून हसून बेजार. मावशी हसली नाही. म्हणाली, "पोरीचा पाय दाखवाया लाज वाटते तुमाला? दर्यावरच्या पोरीचा पाय हाय तो." टोपली उचलली आणि फोटो न काढता गेली.

मी तिथेच. वर माझा पाय, खाली माझा पाय.

२५ नोव्हेंबर

प्रि.ला घरी कळलं. फोन लावला, कट. परत लावला, उचलला.

"तुला माहीत होतं?"

"माझाच पाय आहे, मला कसं नसेल माहीत."

"मला वाटायचं, वैभवने पाठवलेल्या फोटोत तरी बूट बसलाय मला. आरशासमोर तसाच पाय ठेवून बघायचे मी रोज. का बसत नाही म्हणून."

फोन चालूच. मागे बर्फ फोडल्याचा आवाज येत होता.

काम सोडतो म्हणून वै.कडे गेलो. त्याने चहा मागवला, मागच्या महिन्याचा पगार दिला, पाठीवर हात ठेवला. सोडायचं बोलायचं राहून गेलं. असा मी.

२९ नोव्हेंबर

पालघर. चाचणी. प्रि., मावशी आणि मी एकाच एसटीत, पण मी मागच्या सीटवर. वै. गाडीने आला, कॅमेरा घेऊन.

मैदानावर प्रि.ने पिशवीतून दोन्ही जोड काढले, शेजारी ठेवले. वै. लांबून हात दाखवतोय, नवा, नवा. तिने टाचेवर पट्टी लावली, जुन्यात पाय घातला. नाडी आवळताना एकदाच माझ्याकडे बघितलं. वै. कॅमेरा खाली घेऊन मला बोलला, "ब्रो, कॅम्पच्या खर्चाचं ती आता स्वतः बघेल."

पळाली. पहिले फेरे पुढे होती. मावशी कुंपणाला धरून, "चल गो, चल गो बाय." मग पट्टी सुटली असणार. पाय टाकताना डावीकडे कलायला लागली. एकजण पुढे गेली. शेवटच्या वळणावर अजून एक.

तिसरी.

पहिल्या दोघींची नावं लगेच पुकारली. निवडीचे सर सांगतात, दुसरीच्या वयाचा दाखला तपासायचाय, तिसरी राखीव. यादी येईल. कधी, ते येईल तेव्हा.

बूट काढला तेव्हा मोजा टाचेला चिकटलेला. मावशीने तो बाटलीतलं पाणी ओतून ओतून सोडवला. त्या आठवड्यांत रोज जुने घालून पळाली असती तर. तर-बिर काही नाही. मला त्या माणसाची किळस येते, आणि त्याच्या चहाची.

१ डिसेंबर

वै.चा मेसेज. "ब्रो, बॅनर हिट आहे. आता व्हिडिओ. पळतानाचा फुल शॉट, कमरेखाली. दोन्ही पाय कर ह्या वेळी. उद्या भुईगाव." बरोबर गाळ्यावरच्या पोराकडून रेझरचं पाकीट पाठवलं. पाकिटावर चिकटपट्टी लावून वर माझं नाव, हसरं तोंड काढलेलं.

तो मेसेज तसाच प्रि.ला दाखवायला पाचूबंदरला गेलो. मावशी सुकत घातलेले बोंबील उलटत होती, मला बघून तोंड फिरवलं. पण बस म्हणाली. प्रि. टाच उन्हात धरून बसलेली. वाचलं. कितीतरी वेळ वाचलं.

"यादी लागली?" मी विचारलं.

"नाही."

मग म्हणाली, "पाय दे."

मावशीच्या हिशोबाचं बॉलपेन घेतलं आणि माझ्या उजव्या घोट्यावर रेघ ओढली. स्वतःच्या पायावरची निशाणी बघून बघून. वाकडी, वर दोन फाटे. जोरात दाबत होती, दुखलं, पण पाय मागे घेतला नाही.

"नाव माझं लावलंय ना," म्हणाली. "मग हेपण लाव. जायचं तर असा जा."

"आणि नाही गेलो तर?"

"तर धुऊन टाक."

घरी आलो. आंघोळीला गेलो तेव्हा उजवा पाय पाण्याबाहेर धरला, रेघ तशीच आहे. केसांची खुंटं आलीत, पँटला टोचतात. पाकीट खिडकीत आहे, फोडलेलं नाही. वै.चा फोन वाजतोय.