श्रोता क्रमांक चौदा

प्रिय नंदू,

आधी तक्रार. तुझ्या त्या हेडफोनच्या गाद्यांचं काळं रेक्झिन आता पापुद्र्यापापुद्र्याने सुटतं, ही गोष्ट कुणालाही न सांगता तू निघून गेलास. हे अक्षम्य आहे. काल दुपारी पाऊण तास ते कानांवर चढवून बसले, आणि आज सकाळी यादम्मा भांडी घासायची सोडून माझ्याकडे बघत राहिली. "अम्मा, चेवुलकु काटुक पेट्टुकुन्नारा?" कानांना काजळ लावलंत का, म्हणे! चोपन्न वर्षांच्या बाईला! साबणाने निघेना म्हणून खोबरेल चोळलं, तर काळं गालांवर उतरलं. तशा अवतारात मला दूधवाल्यासमोर जावं लागलं. माझा निषेध नोंदवून घे.

झाली तक्रार. मी तुझे हेडफोन का घातले, ते सांगायला खरं तर हे पत्र. फोनवर सांगण्यासारखं असतं तर तू असतानाच सांगितलं असतं, असं लिहिणार होते. पण तेही खोटं. तू असताना मला काही सांगायचंच नव्हतं.

तू गेल्यावर आठ महिने सुधाने तुझ्या मागच्या खोलीला हात लावला नाही. परवा मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही या. मला एकटीला जमायचं नाही." म्हणून मलकपेठला गेले. भिंतींना टेकवलेल्या त्या गाद्या अजून तशाच आहेत. मी त्या खोलीला 'नंदूचं गादीभांडार' म्हणायचे, आठवतं? बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तू पाहुण्यांच्या गाद्या पळवल्यास, आणि मी वर्षभर येईल त्या पाहुण्याला तो किस्सा सांगून हसवलं.

तुझं काम मी कधी समजून घेतलं नाही असं मात्र म्हणू नकोस. समजलं होतं. समजूनच थट्टा केली, ते जास्त वाईट. गाणं रेकॉर्ड करताना गाणारी, हार्मोनियम, तबला, टाळ, प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा पकडतात. मग कुणीतरी जाणकार बसून ठरवतो, की कुणाला पुढे आणायचं आणि कुणाला मागे सारायचं. ते ठरवणं संगणकाला शिकवायचं, हा तुझ्या पीएचडीचा विषय. इंजिनियरिंग कॉलेजात एकवीस वर्षं शिकवून झाल्यावर, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तुला ही हौस सुचली.

"म्हणजे बटणं फिरवणाऱ्या माणसाला तू घरी बसवणार," मी म्हणाले होते.

"घरी कशाला बसवीन गं? ज्यांच्याकडे असा माणूसच नाही, त्यांच्यासाठी आहे हे. तुमच्या अंबरपेठच्या भजनी मंडळाला कोण देतो साउंड इंजिनियर?"

मी तेही विनोदावर नेलं. माझं हे आयुष्यभराचं आहे.

मग त्या चाचणीचा दिवस. मलकपेठच्या रेसकोर्सवर रेस नसलेला दिवस तू मुद्दाम निवडला होतास, कारण रेसच्या दिवशी गाड्यांचे हॉर्न गाद्यांनाही जुमानत नाहीत. माझा दिवाळी अंकाचा लेख दोन दिवसांत द्यायचा होता. तू दारात उभा राहून म्हणालास, "अक्का, तुझा कान हवाय. चाळीस मिनिटं."

"दोन्ही घेऊन जा. जीभ सोडून काहीही ने."

"जीभ नक्कोच. ती संगणकाला झेपत नाही."

आपण दोघेही हसलो. तू मला तुझ्या खोलीतल्या खुर्चीवर बसवलंस, हेडफोन घातलेस, पडद्यावरची पट्टी दाखवलीस. एकच गाणं, पण वेगवेगळ्या तऱ्हेने जुळवलेलं. ऐकायचं आणि शून्य ते शंभरमध्ये गुण द्यायचे. "घाई नको करू हं," एवढंच सांगून तू हळूच दार लावलंस.

दार लागल्याबरोबर मी पिशवीतून कागद काढला. नंदू, मी काहीही ऐकलं नाही. डाव्या हाताने पट्टी सरकवत होते, उजव्या हाताने लेख लिहीत होते. साठ, ऐंशी, नव्वद, मनाला येईल तिथे. हेडफोनसुद्धा एका कानावरून मागे ढकलला होता. आणि लेखाचा विषय कोण होता, माहीत आहे ना? तूच. 'बटणांचा डॉक्टर'. तुझ्याच खुर्चीत बसून, तुझ्याच चाचणीच्या वेळात!

तू चहा घेऊन आलास. "झालं?"

"झालं. सगळी छान आहेत रे."

"सगळी?"

तेवढंच विचारलंस. मला वाटलं, खूश झालास.

अंकाच्या प्रकाशनाला कोठीच्या हॉलमध्ये मी तो लेख वाचला तेव्हा लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. तू दुसऱ्या रांगेत होतास. सगळ्यांत आधी तूच हसत होतास. नंतर भेटून म्हणालास, "अक्का, एक चूक आहे. बटण नाही म्हणत त्याला. वर-खाली सरकतं ना, ते फेडर." कानाखाली वाजवली असतीस तर बरं झालं असतं रे!

परवा तुझा प्रबंध हातात घेतला. इंग्रजीत आहे, जड आहे, पण चाचण्यांचं प्रकरण मी बोट ठेवून ठेवून वाचलं. तिथे कळलं, की तुझ्या त्या तुकड्यांमध्ये दोन सापळे होते. काही तुकडे तू गुपचूप दोनदा वाजवायचास. नीट ऐकणारा माणूस दोन्ही वेळा साधारण सारखे गुण देतो. आणि एक तुकडा मुद्दाम बिघडवलेला होता, त्यात गाणारीचा आवाज वाद्यांखाली पार गाडून टाकलेला. कान उघडे असलेला कुणीही त्याला तळाचे गुण देईल. पुढे एक ओळ होती: एका श्रोत्याने एकाच तुकड्याला एकदा पस्तीस आणि एकदा पंच्याण्णव गुण दिले, बिघडवलेल्या तुकड्याला ब्याण्णव दिले, सबब त्या श्रोत्याची उत्तरं वगळली आहेत. श्रोता क्रमांक चौदा.

तरी मनात म्हटलं, कोण जाणे, दुसरं कुणी असेल. मग खणात तुझी निळी वही सापडली. तुझ्या अक्षरात नावांची यादी. चौदा: अक्का. नावावर एक बारीक रेघ, आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं:

'दमलेली होती. पुन्हा विचारायचं नाही.'

दमलेली! अरे, रागावून तरी लिहायचंस. त्या वहीत तुझ्याशिवाय कोण बघणार होतं?

सुधाने बाकीचं सांगितलं. एक श्रोता कमी पडला, गाइड अडून बसले, चाचणी पहिल्यापासून पुन्हा घ्यायला लावली. सहा महिने तू कान गोळा करत फिरलास. वॉचमनला बसवलंस, मंडळातल्या बायकांना एकेक करून रिक्षाने आणलंस. आणि त्याच सहा महिन्यांत प्रत्येक सणाला मी पानावर बसून विचारत होते, "काय डॉक्टर, अजून राहिलंय का? पंचांगात मुहूर्त सापडत नाही वाटतं?" तू म्हणायचास, "थोडं राहिलंय." कशामुळे राहिलं ते एकदाही नाही बोललास. प्रबंध दिलास, आणि तोंडी परीक्षेला तीन आठवडे असताना तुझं हृदय थांबलं. ते सहा महिने माझ्यापायी गेले नसते तर तुला निदान एकदा कुणीतरी खरंखुरं डॉक्टर म्हटलं असतं. मी सोडून कुणीतरी.

काल पुन्हा मलकपेठला गेले. सुधाला म्हटलं, ती चाचणी लावून दे.

"आता कशाला वन्सं? प्रबंध तर देऊन झालाय त्यांचा."

"माझं देणं राहिलंय," मी म्हटलं. तिने संगणक सुरू केला आणि तुझ्यासारखंच हळूच दार लावून गेली.

ऐकलं, नंदू. सगळे तुकडे, दोन्ही कानांनी, कागद-पेन घरी ठेवून. तिसऱ्या तुकड्याला समजलं, की ही गाणारी मीच आहे. अंबरपेठच्या देवळात तू सहा माइक लावले होतेस, त्या दिवशीचं माझं भजन! म्हणजे त्या बिघडवलेल्या तुकड्यात गाडलेला आवाज माझा होता, आणि त्यालाच मी ब्याण्णव दिले होते. या वेळी आठ दिले.

एका तुकड्यात हार्मोनियम जरासं बाजूला सरकून बसलं होतं आणि माझा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तो तुझ्या संगणकाने जुळवलेला होता की माणसाने, ते चाचणीत सांगत नाहीत. मी अठ्ठ्याहत्तर दिले. शंभर देणार होते, पण तबला थोडा पातळ वाटला. आणि उगाच शंभर दिले असते तर तू मला परत वगळलं असतंस.

येत्या दिवाळी अंकाच्या प्रकाशनाला, त्याच कोठीच्या हॉलमध्ये, तो जुना लेख तुझ्या चाचणीत खोटे गुण देत कसा लिहिला गेला ते मी वाचून दाखवीन. विनोद न करता. माझ्यासाठी ते किती अवघड आहे, हे तुला एकट्यालाच कळेल. शब्द देते.

तुझ्या निळ्या वहीतली रेघ खोडली नाही. ती खरी आहे. तिच्याखाली कालची तारीख घातली, दिलेले सगळे गुण एकाखाली एक लिहिले आणि सही करून वही होती तिथे ठेवली.

तुझी,
अक्का
(श्रोता क्रमांक चौदा)